नेमाचे श्रेय कोणाच्या खाती?

अमेरिकेत, जिथे रायफलीची नेमबाजी हा शेतकऱ्यापासून शल्यवैद्यापर्यंत कोणाचाही छंद असू शकतो, तिथे अशा छंदिष्ट गृहस्थाच्या आयुष्यात बहुधा एक दिवस असा उगवतोच की, आपली नामांकित कारखान्याची, पुरते दाम मोजून घेतलेली रायफल शंभर यार्डांवर पाच गोळ्या सव्वा इंचाच्या आत काही टाकीत नाही आणि शेजारच्या टेबलावरील माणसाची मात्र अर्ध्या इंचात टाकते, ही गोष्ट त्याला सोसेनाशी होते. आणि मग तो ती रायफल घेऊन गावातल्या बंदूक-कारागिराच्या दुकानाची पायरी चढतो. कारागीर बोल्ट काढून उजेडाकडे धरतो, कोठे घासल्याची चमक आहे आणि कोठे कारखान्यातला काळा रंग अजून तसाच आहे हे निरखतो, आणि निदान सांगतो : ॲक्शन सरळ नाही. काही आठवडे व काहीशे डॉलर खर्ची पडल्यावर रायफल परत येते, गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका अर्ध्या इंचावर आलेला असतो, गृहस्थ कृतार्थ होतो, आणि पुढे भेटेल त्याला सांगत सुटतो की, ॲक्शन नीट करून घेतल्यावाचून रायफलीला नेम येत नाही.

या गृहस्थाची जबानी खोटी नाही. रायफल पूर्वी सव्वा इंचात मारीत होती, आता अर्ध्या इंचात मारते, हे दोन्ही कागद त्याच्यापाशी आहेत. प्रश्न एवढाच की, मधल्या पाऊण इंचाचे श्रेय ज्याच्या खाती त्याने जमा केले आहे, ते खाते खरोखर त्याचेच आहे काय? याचा निवाडा करावयाचा तर आधी ॲक्शन म्हणजे काय, आणि ती वाकडी असते म्हणजे नेमके काय असते, हे समजून घेतले पाहिजे.

रायफलीचा दस्ता आणि नळी बाजूला केली, तर मध्ये जो पोलादी यंत्रभाग उरतो तो ॲक्शन. त्याचे मुख्य अवयव दोन : एक रिसीव्हर, म्हणजे पोलादाचे पोकळ घर, ज्याच्या पुढच्या टोकाला आतून आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांत नळी पिळून बसविलेली असते, आणि दुसरा बोल्ट, म्हणजे त्या घरात मागेपुढे सरकणारा दंडगोल, जो काडतूस नळीच्या कोठीत ढकलतो आणि मूठ खाली पाडली की फिरून घट्ट अडकतो. तो अडकतो त्याच्या टोकावरील दोन जाड दातांवर. त्यांना लग म्हणतात. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९८ साली जी रचना कायम केली, तिचीच लहानमोठी रूपांतरे आजच्या बहुतेक शिकारी आणि स्पर्धेच्या रायफलींत आहेत. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, दर चौरस इंचास साठ हजार पौंडांच्या आसपास दाब निर्माण होतो, आणि मध्यम आकाराच्या काडतुसाचे बूड सुमारे तीन टनांच्या जोराने बोल्टच्या तोंडावर आदळते. हा सगळा भार त्या दोन दातांनी पेलावयाचा असतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचितच अधिक काळ जातो. त्या एवढ्याशा अवधीत नळी आणि ॲक्शन मिळून जी काही थरथर करतील, तिच्या ज्या क्षणी गोळी तोंडाशी येईल, त्या क्षणीच्या दिशेने ती जाईल. थरथर होते याची फिकीर नेमबाजाला नसते. प्रत्येक फैरीला ती एकसारखी झाली पाहिजे, एवढेच त्याचे मागणे असते.

आता कारखान्याची अडचण पाहा. रेमिंग्टन कंपनीची ७०० क्रमांकाची रायफल, जी १९६२ साली बाजारात आली आणि जिच्यावर अमेरिकेतल्या बंदूक-कारागिरांच्या दोन पिढ्यांनी पोट भरले असे म्हटले तरी चालेल, तिचा रिसीव्हर गोल सळईतून कातलेला असतो. रचना उत्तम, परंतु कातून झाल्यावर पोलाद कठीण करण्यासाठी तापवून निववावे लागते, आणि त्या तापण्यानिवण्यात ते किंचित पीळ खाते. तोंड अक्षाशी काटकोनात असावयास हवे ते दोनतीन थाऊ, म्हणजे इंचाचे दोनतीन सहस्रांश, एका बाजूला कललेले राहते. आट्यांचा मध्य बोल्टच्या मार्गाच्या मध्याशी जुळत नाही. दोन लगांपैकी एकच टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. बोल्टचे तोंड तिरके असते. आणि नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून धरलेला, धक्का दस्त्याकडे पोहोचविणारा पोलादी तुकडा दोन्ही बाजूंनी समांतर नसतो. यांपैकी एकही दोष असा नाही की ज्याने रायफल उडू नये. शिकाऱ्याला शंभर यार्डांवर हरणाच्या छातीत गोळी घालावयाची असते, आणि त्या कामाला ही रायफल पुरून उरते. कारखान्याने हे दोष ठेवले यात कसूर नाही. ते काढण्याचा खर्च प्रत्येक गिऱ्हाइकाच्या माथी मारावयाचा की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

कारागीर हेच दोष एकेक करून काढतो. रिसीव्हरमधून बोल्टच्या मार्गात घट्ट बसणारी, घासून तंतोतंत गोल केलेली पोलादी दांडी घालून तो ते घर लेथवर चढवितो, डायलचा काटा दांडीवर टेकवून चकच्या चारही जबड्यांचे स्क्रू आळीपाळीने कसतो, आणि फिरत्या दांडीवर काटा जवळजवळ निश्चल झाला म्हणजे मगच हत्यार तोंडाला लावतो. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. पहिल्या काटीला तोंडाच्या सबंध कड्यावर हत्यार लागतच नाही. काळ्या कड्याच्या एका अंगाला चकाकत्या धातूची एक बारीक कोर तेवढी उमटते, आणि बाकीचे कडे तसेच काळे राहते. जी बाजू उंच होती ती कोणती, हे त्या कोरेने सांगितलेले असते. दुसऱ्या काटीला कोर लांबते, तिसऱ्याला तिची टोके जवळ येतात, आणि एखाद्या थाऊचा अर्धा भाग आणखी घेतला की अखंड उजळ वर्तुळ पुरे होते. त्याच बैठकीत लगांच्या टेकण्याच्या जागा आणि आटेही तो साफ करतो, म्हणजे तिघांचा अक्ष एकच होतो. बोल्ट वेगळा चढवून त्याचे तोंड आणि लगांच्या पाठी तशाच काटकोनात आणतो. या साऱ्या सोपस्काराला तिकडे 'ब्लूप्रिंटिंग' म्हणतात, कारण नकाशावर जी मापे लिहिली होती तीच प्रत्यक्षात आणावयाची असतात.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे इष्ट आहे, कारण पुष्कळ हौशी कारागिरांचे श्रम तेथेच वाया जातात. दोन्ही लग सारखे टेकावेत म्हणून त्यांवर घासणीचा लेप लावून बोल्टची मूठ वरखाली करीत बसणे, हा लॅपिंगचा विधी फार लोकप्रिय आहे. परंतु रायफल घोडा चढवून तयार ठेवली म्हणजे चापाच्या यंत्रणेतला दात तिरक्या पृष्ठावरून दाब देऊन बोल्टचे मागचे टोक वर उचलतो. मागचे टोक वर गेले की पुढचे खाली झुकते, आणि वरचा लग, जो मघाशी इतक्या मेहनतीने टेकविला होता, तो आपल्या जागेवरून किंचित सुटतो. म्हणजे ज्या अवस्थेत तपासणी केली ती एक, आणि ज्या अवस्थेत बार उडतो ती दुसरी! यावर उपाय म्हणजे बोल्टच्या मागील भागावर बारीक कडी चढवून तो घरात सैल राहणार नाही असे करणे. पण ते काम लॅपिंगपेक्षा खर्चाचे, म्हणून पुष्कळ वेळा तहकूब राहते. शिवाय जुन्या माउझरचे पोलाद फक्त वरच्या पातळ थरात कठीण केलेले असते. घासता घासता तो थर गेला, तर नेम सुधारण्याऐवजी आतले मऊ पोलाद बाराच्या धक्क्याने दबत जाते, काडतुसामागची जागा वाढत जाते, आणि रायफल धोक्याची होते.

आता मूळ खटल्याकडे वळू. त्या गृहस्थाची रायफल परत आली तेव्हा तिच्यात नेमके काय काय बदललेले होते? ॲक्शनचे आटे नव्याने कापले म्हणजे ते मोठे झाले. जुनी नळी त्यांत बसत नाही. अर्थात नळी नवी आली, आणि ती कारखान्यातली नव्हे, तर एखाद्या नामांकित नळीकाराकडची, आतून हाताने घासून आरशासारखी केलेली. नवी नळी म्हणजे काडतुसाची कोठीही नवी. ती कारागिराने नळीच्या छिद्राशी दोन दशसहस्रांश इंचाच्या आत जुळवून कापली. नळीचे पुढचे तोंड त्याने नव्याने साफ केले. ॲक्शन दस्त्यात बसविताना खाली इपॉक्सीची राळ ओतून तिचा तंतोतंत साचा केला, नळीखालचे लाकूड कोरून ती मोकळी सोडली, आणि जाता जाता चापही हलका करून दिला. सात-आठ गोष्टी एकदम बदलल्या, आणि त्यांतली एकच, जिचे नाव सर्वांत भारदस्त होते ती, साऱ्या यशाची धनी ठरली. न्यायालयात असा पुरावा कोणी रुजू करून घेणार नाही.

आणि इतर साक्षीदारांना वेगळे काढून विचारले, तर ते काय सांगतात हे बरेच जुने प्रकरण आहे. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड येथे फ्रँकलिन मान नावाचे एक वैद्य होते. त्यांनी जमिनीत पुरलेला काँक्रीटचा एक अवजड पाया करून त्यावर नळ्या बसविल्या, म्हणजे दस्ता, खांदा आणि माणसाचा श्वास या तिन्हींची कटकट मिटली, आणि वर्षानुवर्षे गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडून पाहिल्या. गोळीचे नाक छाटले, चेपले, वाकडे केले तरी नेमाला फारसा धक्का लागत नाही. परंतु तिच्या बुडाची कड एका बाजूला जरा जरी दुखावली, तर ती दूर भरकटते, हे त्यांना आढळले. कारण उघड आहे. नळीचे तोंड सोडताना गोळीचे बूडच सर्वांत शेवटी सुटते, आणि त्या क्षणी मागचा वायू एका बाजूने आधी निसटला तर तो तिला ढकलतो. नळीचे तोंड वाकडे असले तरी परिणाम तोच. त्यांचे पुस्तक १९०९ सालचे आहे. त्याच्याही आठ वर्षे आधी, १९०१ साली, कोलोरॅडोतील बोल्डर येथे सी. डब्ल्यू. रोलंड यांनी हॅरी पोप या नळीकाराची नळी वापरून दोनशे यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचाहून कमी, म्हणजे ०.७२५ इंचाच्या पुंजक्यात टाकल्या होत्या. गोळी शिशाची, रायफल एकबारी. आज ज्याच्या काटकोनाची आपण चिंता करतो, तो फिरता बोल्ट आणि त्याचे दोन लग यांचा त्या परंपरेत पत्ताही नव्हता. नळी आणि गोळी एवढ्या दोन्हींनी मिळून ती करामत केली.

मग ॲक्शन निरुपयोगी म्हणावयाची काय? तसेही नाही, आणि येथे शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत कामी येतो. परस्परांशी संबंध नसलेल्या चुका एकमेकींत सरळ मिळविता येत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे त्यांचे वर्ग मिळवावे लागतात, आणि एकूण चूक ही कर्णाइतकी निघते. समजा, नळी, काडतुसे आणि नेमबाज मिळून एका इंचाची पसरण करतात आणि ॲक्शनचा वाकडेपणा तीन दशांश इंचाची. एकूण पसरण एक इंच तीन दशांश होत नाही. ती होते १.०४ इंच. आता ॲक्शन ब्रह्मदेवाच्या हातची असावी अशी सरळ करा. पसरण येईल एका इंचावर. चार टक्क्यांचा फरक, जो डोळ्याला दिसणारही नाही. परंतु नळी आणि काडतुसे इतकी उत्तम केली की त्यांची पसरण पाव इंचावर आली, तर त्याच ॲक्शनच्या तीन दशांशांमुळे एकूण आकडा ०.३९ इंच निघेल, आणि ॲक्शन सरळ केली की तो एकदम पाव इंचावर उतरेल. म्हणजे छत्तीस टक्के घट. दोष तोच, दुरुस्ती तीच, खर्चही तोच, आणि फळ मात्र नऊपट. ॲक्शन सरळ केल्याने नेम सुधारतो काय, या प्रश्नाचे उत्तर ॲक्शनपाशी नसून उरलेल्या रायफलीपाशी आहे, असे माझे मत आहे ते या हिशेबावरून.

हा तर्क कागदावरचा नाही, हे हॅरॉल्ड व्हॉन यांच्या कामावरून दिसते. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत उडत्या अस्त्रांच्या वायुगतिकीवर काम केलेल्या या अभियंत्याने आपली एक साधी शिकारी रायफल, रेमिंग्टन ७२१, समोर ठेवून तिच्या प्रत्येक दोषाचा हिस्सा वेगवेगळा मोजावयाचा उद्योग केला, आणि १९९८ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात लक्ष वेधून घेणारी एक बाब अशी की, नळी आणि रिसीव्हर यांचा आट्यांचा सांधा, ज्याला सारेजण अचल धरून चालतात, तो बाराच्या धक्क्यानिशी सूक्ष्म प्रमाणात सरकतो आणि नेहमी पूर्वीच्या जागी परत येतोच असे नाही. ॲक्शनचे तोंड काटकोनात आणण्याचा खरा लाभ मला येथे दिसतो. तोंड तिरके असले तर नळीचा खांदा त्यावर एकाच अंगाने टेकतो, आणि सांध्याला सरकण्याची मुभा मिळते. ते सपाट झाले की सबंध वर्तुळाने टेकतो. सौंदर्यासाठी काटकोन करावयाचा नाही, सांधा जागचा हलू नये म्हणून करावयाचा.

सरळपणाच्या या भक्तांना दोन उदाहरणे मात्र नेहमी अडचणीत आणतात. पहिले आपल्या चांगल्या ओळखीचे. पोलीस चौकीच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षे पाहिलेली, बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही बनलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फील्ड, हिचे लग बोल्टच्या पुढच्या टोकाला नसून मागे असतात. बार उडाला की बोल्टची सारी लांबी दबते, रिसीव्हर ताणला जातो, तोही दोन्ही बाजूंनी असमान, आणि नळीचे तोंड उभ्या रेषेत चांगलेच हेलकावते. यंत्रशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर ही ॲक्शन कच्ची. तरीही इंग्लंडात, सरे परगण्यातल्या बिस्ले येथील मैदानावर नऊशे-हजार यार्डांच्या पल्ल्यावर हिच्याविषयी आदराने बोलले जाई. कारण असे की, कोणतीही दोन काडतुसे अगदी सारख्या वेगाने गोळी फेकीत नाहीत. हळू गेलेली गोळी लांबवर खाली पडते. ली-एन्फील्डमध्ये हळू गोळी नळीच्या तोंडाशी क्षणभर उशिरा पोहोचते, आणि तोवर वर चाललेले तोंड आणखी किंचित वर गेलेले असते. म्हणून ती थोड्या अधिक उंच कोनातून सुटते, आणि दूरच्या पल्ल्यावर वेगातली उणीव कोनातली वाढ भरून काढते. जवळच्या पल्ल्यावर हाच हेलकावा पुंजका उभा ताणतो. म्हणजे यंत्राची जी लवचीकता शंभर यार्डांवर अवगुण ठरते, तीच हजार यार्डांवर गुण होऊन बसते! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला दुर्बिणीच्या रायफली हव्या झाल्या, तेव्हाही ॲक्शन सरळ करीत बसण्याची तजवीज कोणी केली नाही. कारखान्यातून निघणाऱ्या ली-एन्फील्डच्याच नंबर ४ रायफलींच्या चाचणीत ज्या मुळातच चांगल्या मारीत, त्या बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीकडे धाडल्या गेल्या, आणि तेथे त्यांवर दुर्बीण व गालाखालची लाकडी पट्टी चढविली गेली. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या. निवड हीच त्यांची दुरुस्ती.

दुसरे उदाहरण सॅव्हेज ११० या स्वस्त अमेरिकी रायफलीचे. निकोलस ब्रुअर यांची ही रचना १९५८ साली बाजारात आली. हिच्या आजच्या घडणीत बोल्टचे डोके, ज्यावर लग असतात, ते अंगाशी एकसंध नसते. आडव्या खिळीने अडकविलेले, आणि जरासे सैल. बोल्ट बंद झाला की हे डोके आपणहून हालून दोन्ही लग सारखे टेकवून घेते. जे काम कारागीर लेथवर दिवसभर राबून साधतो, ते येथे एका स्वस्त खिळीच्या सैलपणाने साधले जाते, आणि या रायफली आपल्या किमतीच्या मानाने किती नेमक्या मारतात, हे आता कोणी नाकारीत नाही. सरळ करणे आणि स्वतःच सरळ होऊ देणे, या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. दुसरीत दिमाख कमी, एवढेच.

या वादाचा एकदाचा निकाल का लागत नाही, असे कोणी विचारील. तोच बोल्ट, तीच नळी, आधी आणि नंतर, अशी चाचणी घेतली म्हणजे झाले! पण पुंजका ही मोठी लहरी गोष्ट आहे. ज्या रायफलीचा पाच गोळ्यांचा पुंजका सरासरीने एक इंच येतो, तिचा एखादा पुंजका पाऊण इंचाचा आणि पुढचा सव्वा इंचाचा येणे ही रोजची बाब असते, आणि केव्हातरी अर्ध्या इंचाचाही येतो. त्यात रायफलीचे काहीच बदललेले नसते. तीनच गोळ्या झाडल्या तर सरासरी ०.७९ इंचावर येईल, दहा झाडल्या तर १.२४ इंचावर जाईल. म्हणून तीन गोळ्यांचा कागद पाकिटात जपून ठेवणाऱ्याची आणि दहा गोळ्यांचा कागद दाखविणाऱ्याची गाठ घालून देऊ नये. दहा टक्क्यांची सुधारणा खरी की योगायोगाची, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगावयाचे तर संख्याशास्त्राच्या नियमाने दुरुस्तीपूर्वी सुमारे नव्वद आणि दुरुस्तीनंतर तितकेच पाच गोळ्यांचे पुंजके हवेत. म्हणजे दोन्ही मिळून नऊशे फैरी. जलद गतीच्या लहान काडतुसांच्या नळीचे तारुण्यच दीडदोन हजार फैरींचे असते. म्हणजे पुरावा गोळा होता होता साक्षीदार म्हातारा होतो, आणि नंतरचा पुंजका मोठा आला तर दोष कोणाला द्यावा, हा नवाच प्रश्न उभा राहतो. अशा स्थितीत छंदिष्ट मंडळी दोन-तीन पुंजक्यांवर कौल देतात यात नवल नाही. आणि कौल बहुधा ज्यावर पैसे खर्च झाले त्याच्याच बाजूने पडतो, हेही मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

एक जग मात्र असे आहे की, जिथे हा हिशेब बेरजेवर बेरीज करून रोज मांडला जातो. बेंचरेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत रायफल दगडी टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकविलेली असते, आणि सर्वांत लहान पुंजका करणाराला जय मिळतो. १९७३ साली मॅकमिलन नावाच्या नेमबाजाने शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा पुंजका मध्यापासून मध्यापर्यंत ०.००९ इंचाचा केला. पाच गोळ्यांचे मिळून जवळजवळ एकच छिद्र! हा उच्चांक चाळीस वर्षे टिकला. आरंभीच्या काळात ही मंडळी रेमिंग्टनच्या ॲक्शन सरळ करून त्यांभोवती ॲल्युमिनियमचे जाड आवरण चिकटवीत, म्हणजे त्या वाकू नयेत. पुढे १९७५ च्या सुमारास लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी पीपीसी हे आखूड, जाडे काडतूस सिद्ध केले. हाताने घडविलेल्या नळ्या आणि समतोल गोळ्या आधीच आल्या होत्या. दुसऱ्या बाजूंची पसरण जसजशी आटत गेली, तसतसे ॲक्शनचे तीन दशांश उघडे पडू लागले, आणि दुरुस्त केलेल्या कारखानी ॲक्शनवर भागेना. मुळापासून अचूक बनविलेल्या ॲक्शनचे वेगळे कारखाने उभे राहिले. आमच्या मघाच्या त्रिकोणात जी गोष्ट कागदावर होती, ती येथे बाजारपेठेने सिद्ध केली.

आपल्याकडच्या नेमबाजांच्या दैनंदिन व्यवहारात या प्रश्नाला फार कमी जागा आहे, आणि ते योग्यच आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या, प्रकारात विश्वविजेतेपद पटकाविले. या प्रकारात लक्ष्याच्या मधले दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. येथे ॲक्शन कातून सरळ करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. ती बनविणाऱ्याकडूनच सरळ आलेली असते. धावपळ होते ती काडतुसांसाठी. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे काडतूस, पण एका खेपेचे या नळीला मानवते आणि दुसऱ्या खेपेचे मानवत नाही. म्हणून मोठ्या स्पर्धांचे नेमबाज आपली नळी पकडीत घट्ट आवळून निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडून पाहतात, आणि जी खेप लहान पुंजका देईल तिचीच मोठी खरेदी करून ठेवतात. .२२ च्या काडतुसात दाब कमी, बोल्टवरचा भार कमी, आणि म्हणून लगांचा वाद येथे जवळजवळ संपतो. नळी आणि काडतूस यांचे जमणे, एवढाच मामला उरतो.

एवढे पाहिल्यावर त्या अमेरिकी गृहस्थाच्या कारागिराला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. त्याने ॲक्शन सरळ केली म्हणून नव्या नळीला भक्कम बैठक मिळाली. बोल्टचे तोंड काटकोनात आले म्हणून वापरलेल्या टरफलांची बुडे तिरकी होणे थांबले, आणि तीच टरफले पुन्हा भरून वापरणाराला त्याचा उपयोग झालाच. बोल्ट मऊसूत चालू लागला, हेही काही थोडे नाही. माझी हरकत कामाला नसून क्रमाला आहे. मोजके पैसे असतील तर ते आधी चांगल्या काडतुसांवर, मग नळीवर आणि तिच्या तोंडावर, मग दस्त्यातल्या बैठकीवर खर्ची घालावेत. आणि नळी बदलण्यासाठी ॲक्शन लेथवर चढणारच असेल, तर त्याच वेळी तोंड आणि आटे साफ करून घ्यावेत, कारण तेव्हा त्याचा वेगळा खर्च फारसा पडत नाही. एकट्या ॲक्शनची दुरुस्ती, जुनी नळी जशीच्या तशी ठेवून, हे मात्र जवळजवळ नेहमीच दाम दवडणे होय.

आणि आता तर हा धंदाच पालटत चालला आहे. संगणकावर चालणारी यंत्रे आणि तारेने विद्युत-स्फुल्लिंगांच्या योगाने पोलाद कापण्याची पद्धत यांमुळे तापवून कठीण केल्यानंतरही ॲक्शन अचूक कापता येते, म्हणजे वाकण्याची मूळ अडचणच उरत नाही. अशी तयार ॲक्शन विकत घेणे आणि जुनी रेमिंग्टन सरळ करून घेणे यांच्या खर्चात फारसे अंतर राहिलेले नाही. नळीकार आता ठराविक ॲक्शनच्या मापाने आटे आणि कोठी आधीच कापून नळ्या टपालाने धाडतात, आणि गिऱ्हाईक त्या घरच्या व्हाइसवर पिळून बसवितो. अशा घरी डायल, दांडी आणि लेथ यांची गरज पडत नाही. आणि ज्या दुकानात ती अजून आहेत, तिथे जुन्या माउझर आणि जुन्या ७०० घेऊन येणारी, आजोबांची रायफल म्हणून ती टाकवत नसलेली माणसेच बहुधा भेटतात.